शेवटच्या पानावरचे बाबा

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. खोका म्हटलं की आत काय आहे असं तुम्ही विचारणार, आणि तिथेच माझी पंचाईत होते, कारण आत काहीच नाही. दोन ट्यूब आहेत आणि त्यांचा उजेड. वर दुधी काच आहे. काचेवर चित्राचा कागद ठेवायचा, त्यावर कोरा कागद ठेवायचा आणि बटण दाबायचं. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसू लागतं आणि ते गिरवता येतं. माझं काम एवढंच. माझ्यासारख्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंना लाइटबॉक्स म्हणतात. मला मात्र घरात सगळे खोकाच म्हणतात, आणि मलाही तेच बरं वाटतं. मोठं नाव घेतलं की त्याला शोभेल असं वागावं लागतं.

खरं सांगायचं तर आत्मवृत्त सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही. मी लढाई पाहिलेली नाही, माझ्या सावलीत कुणी बसलेलं नाही. आणि जे काही सांगण्यासारखं आहे, ते अभिमानाचं नाही, लाजेचं आहे. अशी गोष्ट मुलांना सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अजूनही माझं मत पक्कं झालेलं नाही. पण मोठ्यांना सांगून उपयोग नसतो. त्यांचं बरंचसं गिरवून झालेलं असतं.

मला एका पेंटरने बनवलं. दूरच्या एका गावात तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. पेंटर म्हटलं की पुरे. त्या गावात एक दुकान बंद पडलं आणि त्याची खिडकी मोडीत निघाली. पेंटरने तिची चौकट उचलून आणली, काच वाळू आणि पाण्याने घासून घासून दुधी केली, खाली फळ्या ठोकल्या आणि आत ट्यूब बसवल्या. एक कोपरा काही केल्या नीट जुळेना. तिथे त्याने डब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकली. त्याची बायको, जिला मी पुढे आई म्हणणार आहे कारण घरात सगळे तिला तेच म्हणत, दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, खिडकीतून बाहेरचं दिसायचं, ते तुम्ही बंद करून टाकलं. पेंटर म्हणाला, आता आतलं दिसेल.

ते दिवस चांगले होते. गिऱ्हाईक यायचं, कागदावर नाव लिहून द्यायचं. पेंटर त्या नावाला माझ्यावर ठेवून घाट द्यायचा, मग ते पाटीवर उतरवायचा. किराणा दुकानाची अक्षरं तो गुबगुबीत काढी, घड्याळवाल्याची बारीक आणि ताठ. लोक पाटीसमोर थांबत आणि मान डोलावत. त्याचा एकुलता एक मुलगा तेव्हा लहान होता. त्याला गावात छोटा पेंटर म्हणत. माझ्या काचेवर हाताचे पंजे ठेवून तो बोटांमधून येणारा लाल उजेड बघत बसे. मी स्वतःला फार काही समजू लागलो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

मग पाट्या यंत्रावर छापल्या जाऊ लागल्या. एका रात्रीत नाही, हळूहळू. आधी मोठी दुकानं गेली, मग लहान. शेवटी पेंटरकडे भिंतींवर ‘येथे वाहने लावू नयेत’ एवढंच लिहायचं काम उरलं. आईचा भाऊ आधीच परदेशात गेला होता. त्याने या तिघांना बोलावून घेतलं. निघताना सामानाच्या वजनावरून घरात बरीच बोलाचाली झाली. आईला शिवणाचं यंत्र न्यायचं होतं, पेंटरला मला. शेवटी दोन्ही आलं आणि कपडे मागे राहिले. मामा विमानतळावर म्हणाला, “ताई, तुम्ही संसार आणलाय की कारखाना?” आई म्हणाली, “संसार तर तिथेच मोडून आले. हे उरलं.”

नव्या देशात मी पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. माझी पिन तिथल्या भिंतीत बसेना. भिंतीतली भोकं वेगळ्याच आकाराची होती. पेंटरने माझी वायर कापली आणि तिथली पिन लावली. मी पेटलो, पण नीट नाही. तिथली वीज वेगळी की माझे भाग जुने, कोण जाणे, माझ्यातून भुंग्यासारखा आवाज येऊ लागला. तो आजपर्यंत गेलेला नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाने एकदा भिंतीवर ठोकलं. तेव्हापासून पेटताना मला ओशाळल्यासारखं होतं.

तिथे पेंटरला कुणी पेंटर म्हणत नव्हतं. म्हणून मीही आता त्याला बाबा म्हणतो. बाबांना तिथली लिपी येत नव्हती. पण त्यांना वाटायचं, अक्षर म्हणजे शेवटी आकारच. आकार दिला की आपण काढू. मामाने खटपट करून त्यांना एक काम मिळवून दिलं. गल्लीच्या तोंडाशी बूट दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्याच्या दुकानाची पाटी. त्याने पातळ कागदावर दुकानाचं नाव लिहून दिलं. बाबांनी कागद माझ्यावर ठेवला. तेवढ्यात वाऱ्याने तो उडाला. आईने फरशी पुसता पुसता उचलला आणि परत माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, तिने तो उलटा ठेवला. आणि माझा उजेड असा आहे की त्याला कागदाची सुलट बाजू आणि उलट बाजू सारखीच. पातळ कागद कसाही ठेवा, रेघ तेवढीच काळी दिसते. ज्याला वाचता येतं त्याला लगेच कळलं असतं. आईला ती लिपी वाचता येत नव्हती आणि बाबांनाही नाही. बाबांनी ती उलटी अक्षरं मन लावून गिरवली. त्यांना घाट दिला, कडेला सोनेरी रेघ दिली, खाली छोटासा बूट काढला. इतकं सुंदर काम त्यांनी त्यांच्या गावातही केलं नव्हतं. पाटी लागली. लोक थांबले, आणि हसले. आरशात वाचता येईल अशी पाटी त्या शहरात कुणी पाहिली नव्हती.

बूटवाला रागावला नाही. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, राहू द्या, लोक थांबतात तरी. रागावला असता तर बाबांना सोपं गेलं असतं. त्यांनी स्वतः शिडी लावून पाटी उतरवली.

त्याच वेळी शाळा सुटली होती. मुलगा नव्या मित्रांबरोबर त्या रस्त्याने येत होता. शिडीवर बाप होता, खाली मित्र हसत होते. घरी आल्यावर त्याने आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. तो म्हणाला, “मी पण हसलो.” आईने त्याला विचारलं नाही की का. तिने यंत्रावर बसून एक शिवण घातली आणि मग उसवली.

त्यानंतर बाबांनी ब्रश हातात घेतला नाही. ते बस डेपोत बस धुण्याच्या कामाला लागले. पहाटे जात, दुपारी परत येत. त्यांच्या पायांना कायम ओलाव्याचा वास असे. मी पलंगाखाली गेलो. माझ्यावर आईने लोकांचे दुरुस्तीला आलेले कपडे रचले. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझ्या उजेडाने काय केलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मुलगा मोठा होत होता. परक्या ठिकाणी आलेली मुलं कशी शिकतात, हे मी पलंगाखालून ऐकलं आहे. तो टीव्हीवरच्या माणसांचं बोलणं हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. हसताना कुठे थांबायचं, नको म्हणताना खांदे कसे उडवायचे, हे सगळं तो आरशासमोर करायचा. मला ते काम ओळखीचं वाटलं. खाली आपलं स्वतःचं ठेवायचं, वर इथला कोरा कागद ठेवायचा आणि हलक्या हाताने गिरवायचं. पण मी गिरवतो तेव्हा खालचा कागद जसाच्या तसा राहतो. माणसांचं तसं होतं का, हे मला अजून समजलेलं नाही.

पुढे तो चित्रकार झाला. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढू लागला. त्याने मला पलंगाखालून काढलं, पुसलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. पुन्हा कौतुकाचे दिवस आले. त्याची कामाची रीत ठरलेली होती. आधी साध्या कागदावर भराभर कच्चं चित्र काढायचा. त्यात शिसपेन्सिलीच्या दहा रेघा मारून त्यातली एक बरोबर निघायची. मग ते चित्र माझ्यावर ठेवून, वर जाड कागद ठेवून, शाईने पक्कं करायचा. साळिंदर, राजे, छत्री घेतलेला बेडूक, आगगाडी चालवणारी आजी असलं पुष्कळ काही माझ्यावरून गेलं. पक्कं करताना थोडं सुधारायचं असतं. बेडकाची छत्री सरळ करायची, आजीचं नाक लहान करायचं. त्यात काही वावगं नाही. बेडूक तक्रार करत नाही.

एक दिवस प्रकाशनाच्या संपादकबाईंनी त्याला सांगितलं, आता तुझी स्वतःची गोष्ट कर. लहानपणी दुसऱ्या देशातून इथे आलास, ते मुलांना चित्रांतून सांग. तो घरी आला तो उड्या मारतच. आठवडाभर त्याने नुसती कच्ची चित्रं काढली. मित्रांनो, तशी चित्रं त्याने आधी कधी काढली नव्हती आणि नंतरही फार नाहीत. आई दाताने दोरा तोडते आहे. मामा मोठी पेटी ओढताना वाकडा झाला आहे. बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवे बसून बूट कोरडे करत आहेत. त्यांचा एक खांदा खाली गेलेला, मान आखूड, अंगावर मामाचा जुना कोट, त्याच्या बाह्या बोटांवर आलेल्या. बाबा बसल्या बसल्या झोपले आहेत आणि त्यांचं तोंड थोडं उघडं आहे. कागदावर ते अगदी बाबाच होते. पाय ओले असतील असं वाटावं इतके.

मग त्याने ती चित्रं एकेक करून माझ्यावर ठेवली आणि पक्की करू लागला.

आधी त्याने कोटाच्या बाह्या आखूड केल्या. मला वाटलं, ठीक आहे. मग खाली गेलेला खांदा वर आणला. मग मान लांब केली. फरशीवर बसलेल्या माणसाला खुर्ची दिली. झोपलेल्याचं तोंड मिटलं. मी खालून उजेड देत होतो, बाबा खाली दिसत होते, आणि वरच्या कागदावर एक उंच, इस्त्री केलेला, कुठल्याही जाहिरातीत शोभेल असा माणूस तयार होत होता. प्रत्येक रेघेला चित्रकाराला माहीत होतं की तो कुठली रेघ सोडतो आहे. मला ते फार जवळून दिसत होतं. मी भुणभुणत होतो, पण ते तर मी नेहमीच करतो.

त्याला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. संपादकबाईंनी कच्ची चित्रं पाहिलीच नव्हती. पक्की पाहिली आणि म्हणाल्या, किती गोड.

आईने मात्र एका दुपारी टेबलावरची चित्रं पाहिली. उंच माणसाकडे तिने बराच वेळ पाहिलं. “हा कोण रे? दिसायला बरा आहे. मला आधी का नाही भेटला?”

“आई, चित्रात असं चालतं.”

“चालतं तर चालू दे,” ती म्हणाली आणि यंत्रावर जाऊन बसली. बाबा तेव्हा डेपोत होते.

पुस्तक छापून येण्याआधी शहराच्या वाचनालयाने ती चित्रं भिंतीवर लावायचं ठरवलं. चित्रकाराने मुलांसमोर चित्र काढून दाखवावं, मुलांनाही गिरवू द्यावं, म्हणून त्यांनी त्याला त्याची हत्यारंही आणायला सांगितली. असा मी वाचनालयात गेलो. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. पण वाचनालयाने बसमध्ये जाहिराती लावल्या होत्या. बाबा एक बस आतून धूत होते, आणि काचेवरच्या कागदावर त्यांना आपल्या मुलाचा फोटो दिसला. हे सगळं ते नंतर आईला सांगत होते. त्यांनी त्या कागदाभोवतीची काच दोनदा पुसली, असंही म्हणाले.

वाचनालयात माझ्याभोवती मुलांची गर्दी झाली होती. चित्रकार त्यांना गिरवायला शिकवत होता. तो हसरा आणि सहज दिसत होता, अगदी तिथलाच. एका मुलीने माझ्या कोपऱ्यावरच्या पत्र्याला बोट लावून विचारलं, हा खोका तुम्ही कुठून आणलात?

त्याच वेळी दार उघडलं आणि बाबा आत आले. कामावरून सरळ आले होते. डेपोचा निळा सदरा, गुडघ्यापर्यंत ओली पँट. ते चटईवर पाय पुसत उभे राहिले, बराच वेळ. चित्रकाराने त्यांना पाहिलं. मला ते नक्की माहीत आहे, कारण त्याचा हात माझ्या काचेवर होता आणि तो गार पडला.

“जुन्या बाजारातून,” तो मुलीला म्हणाला. “तिथे अशा वस्तू मिळतात.”

बाबांनी ते ऐकलं. एवढी भाषा त्यांना आता येत होती.

ग्रंथपाल पुढे झाल्या आणि त्यांनी बाबांना विचारलं की आपण कुणाबरोबर आला आहात. बाबा म्हणाले, एकटाच आहे, बसमध्ये जाहिरात पाहिली. मग ते भिंतीवरची चित्रं बघत हळूहळू पुढे सरकले. उंच माणसाच्या चित्रापुढे थांबले. रस्त्यात अनोळखी माणूस आपल्याकडे बघून हसला तर आपण जशी मान हलवतो, तशी त्यांनी त्या चित्राला मान हलवली. मग माझ्यापाशी आले. हात मागे बांधलेले.

“हात लावला तर चालेल का तुम्हाला, सर?” त्यांनी आपल्या मुलाला विचारलं.

तो म्हणाला, “चालेल.”

बाबांनी माझ्या कोपऱ्यावरच्या पत्र्यावर अंगठा फिरवला. मी पेटलेलो होतो, माझी काच उजेडाने भरलेली होती आणि मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं. तोंड लपवायला मला तोंडच नाही. बाबा मुलांकडे वळून आपल्या तोडक्यामोडक्या बोलीत म्हणाले, चांगला आहे, पण ज्याने बनवला त्याने घाई केलेली दिसते. मुलं हसली. बाबाही हसले. मग त्यांनी मुलाला मान झुकवून नमस्कार केला आणि निघून गेले. चटईवरून जाताना पुन्हा पाय पुसले. बाहेर जाताना पाय पुसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मित्रांनो, इथे थांबून मी जरा तुमच्याकडे बघतो. तुम्हाला चित्रकाराचा राग आला असेल. मलाही यायला हवा होता. पण मला आली ती लाज, आणि ती अर्धी माझी होती. इतकी वर्षं मी त्याला एकच गोष्ट शिकवत आलो होतो. नको ती रेघ खाली ठेव, हवी ती वर घे. कुणाला कळत नाही.

तो मला घेऊन बसने घरी आला. सारा वेळ मांडीवर धरलं होतं. दार उघडंच होतं. बाबा जेवत होते आणि आई समोर बसून विचारत होती, मग, काय म्हणाला तो सगळ्यांना? हे माझे वडील म्हणाला?

“कामात होता तो,” बाबा म्हणाले. “मुलं बरीच होती. उगाच कशाला त्रास द्यायचा.”

आईने दाराकडे पाहिलं. मुलगा तिथेच उभा होता, मला छातीशी धरून. त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं, कारण ती उठून आत गेली.

“बाबा, मी तिथे…” तो म्हणाला.

“आधी खोका खाली ठेव,” बाबा म्हणाले. “जड आहे तो.”

 बाबांनी पोळीचा उरलेला तुकडा भाजीत बुडवून खाल्ला, ताट उचललं आणि झोपायला गेले. पहाटे त्यांना कामावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चित्रकार कच्च्या चित्रांची गुंडाळी घेऊन संपादकबाईंकडे गेला. काय बोलणं झालं, ते त्याने परत आल्यावर आईला सांगितलं. सगळी चित्रं पुन्हा काढू द्या, असं तो म्हणाला होता. बाईंनी कच्ची चित्रं एकेक करून पाहिली. मग म्हणाल्या, हे मला आधी का नाही दाखवलंस? पण आता उशीर झाला होता. पानं छापखान्यात गेली होती. फार तर शेवटचं पान अजून बदलता येईल, तेवढं एकच.

“मग तेवढं बदल,” आई म्हणाली.

“एका पानाने काय होणार?”

“मला काय विचारतोस? चित्रकार तू आहेस. तो देखणा माणूस आणलास तेव्हा विचारलं होतंस का?”

त्या दुपारी बाबा कामावरून आल्यावर त्याने त्यांना विचारलं, जरा बसता का, तुम्हाला बघून काढायचं आहे. बाबा संकोचले. त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं, परत काढलं. मला काय काढायचंय, म्हणाले. इतकी चांगली चित्रं झाली आहेत, आता त्यात मी कशाला. माझ्यामुळे तुझ्या कामाचं काही बिघडायला नको. तो नुसता कागद घेऊन उभा राहिला. बाबांना त्याची कीव आली असावी.

“झोपल्यावर काढ,” ते म्हणाले. “जागेपणी मला लाज वाटते.”

ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. चित्रकाराने आधी कच्चं चित्र काढलं नाही. जाड कागद सरळ मांडीवर घेतला आणि शाईनेच सुरुवात केली. शाईची रेघ चुकली की चुकली. खाली दुसरा कागद नव्हता आणि मीही नव्हतो. मी टेबलावर होतो, माझं बटण बंद होतं.  खांद्याची रेघ दोनदा वाकडी गेली आणि तशीच राहिली. त्या दिवशी त्याला माझी गरज पडली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मदत मी बंद राहून केली, हे सांगायला जरा अवघड वाटतं, पण खरं आहे.

पुस्तक छापून आलं. बाबांनी पुढची पानं भराभर उलटली आणि शेवटच्या पानाशी थांबले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

“कान मोठे काढलेस,” ते म्हणाले.

“मोठेच आहेत,” आई आतून म्हणाली. “इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलतेय. ऐकायला मात्र काही येत नाही.”

तुम्हाला वाटेल की इथे गोष्ट संपली आणि सगळं ठीक झालं. तसं झालं नाही. ते पुस्तक शाळाशाळांतून गेलं, आणि चित्रकारालाही बोलावणी येऊ लागली. तो मला घेऊन जातो, कारण मुलांना गिरवायला आवडतं. पहिल्याच शाळेत, त्याने पुस्तक वाचून दाखवल्यावर, मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

“शेवटच्या पानावर हा माणूस कोण आला?”

वर्गात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता. आख्ख्या पुस्तकात एक उंच माणूस आहे. तोच सामान उचलतो, तोच खुर्चीत बसतो, तोच मुलाचा हात धरून चालतो. आणि एकदम शेवटी एक ठेंगणा, खांदा उतरलेला, तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस येतो. ओळख नाही, पाळख नाही. एक मुलगी म्हणाली, त्यांच्याकडे पाहुणे आले असतील. दुसरा म्हणाला, चुकून दुसऱ्या पुस्तकातला आला असेल. वर्गाच्या बाईंनी मुलांना गप्प केलं आणि चित्रकाराकडे पाहिलं.

 त्याचा हात माझ्यावर होता आणि पुन्हा तसाच गार पडला होता. काहीही सांगता आलं असतं. पाहुणे आहेत म्हटलं असतं, तरी कुणी खोदून विचारलं नसतं.

“ते माझे वडील आहेत,” तो म्हणाला.

“मग आधीचा कोण?”

“आधीचा कुणी नाही. तो मी बनवला. वडील सगळ्या पानांवर होते, पण मी त्यांना काढलं नाही.”

“का?”

“मला त्यांची लाज वाटायची.”

मुलांना हे उत्तर कळलं की नाही, माहीत नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने पुस्तक परत पहिल्या पानापासून उघडलं आणि प्रत्येक पानावरच्या उंच माणसाकडे रागाने बघू लागला. चित्रकाराचे कान लाल झाले होते. दर शाळेत हाच प्रश्न येतो आणि दर शाळेत तो हेच उत्तर देतो. अजून त्याला त्याची सवय झालेली नाही. पुस्तक दुसऱ्यांदा छापताना चित्रं बदलू या, असं संपादकबाई म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, नको, असंच राहू द्या.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंनी आपली काळजी घेण्याची विनंती करायची असते. मला ती करवत नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, माझी काच तडकली तरी चालेल, आता माझ्यापेक्षा चांगले लाइटबॉक्स मिळतात. माझी विनंती दुसरी आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल. ज्यांचं बोलणं इथल्यासारखं नाही, ज्यांचे कपडे अंगात बसत नाहीत, ज्यांना शाळेच्या दाराशी उभं राहू नका असं तुम्ही कधीतरी सांगितलं असेल. त्यांना पहिल्या पानापासून काढा. वाकडे असतील तर वाकडे काढा. मागाहून त्यांना जागा करायला गेलं, तर जागा मिळते, नाही असं नाही. पण मग आपलंच माणूस आपल्याच गोष्टीत पाहुण्यासारखं येऊन बसतं, आणि हे कोण, असं लोक आपल्याला विचारतात.